चार नंबरच्या दगडापायी सात विहिरी

विद्यापीठाच्या परीक्षेत मांडायचा दगड मी गेरू म्हणून विकला. पुढचा सगळा प्रवास त्यापायी घडला, म्हणून लाज बाजूला ठेवून आधी तेवढं सांगतो.

आमचं मोमिनाबादेत किराण्याचं दुकान आहे. सरकारी कागदात मोमिनाबाद. आम्ही आपले अंबाजोगाईच म्हणतो. माझा मेहुणा विश्वनाथ, घरात बापू, हैदराबादच्या विद्यापीठात शिकतो. काय शिकतो हे गिऱ्हाइकांना सांगताना माझी त्रेधा उडते. तिथलं शिक्षण सगळं उर्दूतून. त्या विद्येला तिथले मास्तर तबकातुल-अर्ज म्हणतात, बापू मराठीत भूस्तरशास्त्र म्हणतो, आणि आमच्या घरातून, म्हणजे बापूच्या थोरल्या बहिणीकडून, तिचं सुटसुटीत नाव आहे, 'दगडाचं'. "बापू औंदा दगडाच्या दुसऱ्या सालाला हाय," असं ती बायकांत सांगते. बायका "अगंबाई" म्हणतात आणि विषय बदलतात.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत बापू आमच्याकडं उतरला आणि महिनाभर रानोमाळ हिंडून त्यानं बारा दगड जमवले. सात नंबर माजलगावच्या सिंदफणेच्या पात्रातला, नऊ नंबर परळीच्या डोंगरातला, असा एकेकाचा पत्ता वहीत लिहिलेला आणि दगडावर पांढऱ्या रंगानं आकडा. हे बारा जण परीक्षेत मांडायचे आणि मास्तर विचारतील ते त्यांच्यावरून सांगायचं. घरात सारवण चाललं होतं, म्हणून त्यानं ते दुकानातल्या फळीवर मांडले. फळी गेरूच्या पाटीच्या बरोब्बर वर.

दुपारी शेजारच्या गल्लीतली गोदाबाई आली. तुळशीवृंदावन रंगवायला तिला अर्धा शेर गेरू हवा होता. पाटीत चुरा उरला होता. वर बघतो तो हा एक नग, तांबडाबुंद, हाताला रंग लागणारा. एका बाजूला तेवढी काळी पापडी चिकटलेली. ती उंबऱ्यावर ठोकून उडवली, नग तराजूत टाकला, कमी भरला तेवढा चुरा वर घातला आणि बाईला वाटेला लावलं.

संध्याकाळी बापूनं दगड मोजले तर अकरा.

तो आणि त्याची अक्का, म्हणजे आमच्या घरातून, धावत गोदाबाईकडं गेले. मी दुकान सोडून जाऊ शकत नव्हतो, असं मी म्हणालो. परत आले तेव्हा बापूचा चेहरा बघवेना. चार नंबर भिजवून, कालवून वृंदावनावर चढला होता. "लई झ्याक रंग आलाय," गोदाबाईनं त्याला सांगितलं म्हणे.

"आकडा दिसला न्हाई का तुमाला?" घरातून विचारणा झाली.

"नाही."

"आन् ती काळी पापडी?"

"कसली पापडी?"

 गल्ल्यामागं माझ्या गादीशेजारी एक नवी कोरी गादी होती, तिच्याकडं तिनं बराच वेळ बघितलं.

त्या गादीचं सांगायला हवं. माझे सासरे परळीला असतात. त्यांनी त्या पाडव्याला फर्मान काढलं होतं: बापू यंदा पास झाला तर पुढं शिकू दे, नाही तर दगडं पुरे झाली, आप्पांच्या दुकानात बसेल. आप्पा म्हणजे मी. माझ्या तिन्ही मुली सासरी गेल्या, गुडघे बोलायला लागले, दुकानात दिवसभर एकटा असतो. फर्मान ऐकून मी "हां, बघू" एवढंच म्हणालो. पण पुढच्याच आठवड्यात पिंजाऱ्याला बोलावून चार शेर कापसाची दुसरी गादी भरून घेतली. माणसानं तयारीत असावं.

बापू म्हणाला, "दाजी, बाकीचे अकरा दगड सगळ्याच पोरांकडं असतील. चार नंबर माझा एकट्याचा होता. त्याच्यावरच माझी सगळी मांडणी हाय." तो मिळाला होता एका नव्या विहिरीत, आणि ती विहीर आता तळापासून दगडानं बांधून काढली होती. सहाव्या दिवशी परळीहून त्याची हैदराबादची गाडी. तेवढ्यात दुसरा चार नंबर हुडकायचा.

पहाटे दारात खंडूची बैलगाडी उभी. आत धपाट्यांची चवड, कैरीचा तक्कू, माझी धोतरं, आणि बसायला ती नवी गादी. हे सगळं कुणी भरलं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

"तुमी घालवला, तुमीच आणायचा," एवढंच कानावर आलं.

घाटनांदूरच्या वाटेनं

दगड हुडकायचा म्हणजे डोंगर चढायचा, अशी माझी समजूत. गुडघ्यांना मी तसं बजावूनही ठेवलं होतं. पण बापू म्हणाला की आपल्याकडं जमिनीचं पोट बघायचं तर विहीर बघावी. वरून खालपर्यंत चिरलेली असते, उन्हाळ्यात पाणी तळाला जातं, सगळे थर उघडे पडतात. वीस वर्षं मी विहिरीत डोकावतोय ते घागर बुडाली का बघायला. आता थर बघायचे.

पहिली विहीर दोन कोसांवर. मालक मोटेपाशी बिडी ओढत होता. बापूच्या हातातली हातोडी बघून त्यानं बिडी विझवली.

"हातुडी घिऊन हिरीत? झरा फुटून दुसरीकडं गेला मंजी? तुमी देनार का पानी?"

बापू त्याला समजावू लागला की झऱ्याला धक्का लागणार नाही, हा अभ्यासाचा विषय आहे. मालकाचं तोंड जास्तच आंबट झालं. ऊन चढत होतं, पोटात काही नव्हतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, हैदराबादचे पाणाडे आहेत ते. शिकलेले."

जादू झाली. पाणाड्या म्हणजे जमिनीवरून चालत पाणी कुठं आहे ते सांगणारा माणूस. आमच्या भागात त्याला जावयाच्या खालोखाल मान. मालकानं बाज टाकली, ताक आलं, ज्वारीच्या कण्या आल्या, वर कांदा फोडून आला. बापू विहिरीत उतरला आणि तांबडं काही नाही म्हणून दहा मिनिटांत वर आला.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "दाजी, खोटं बोलून दगड मिळवला तर चिठ्ठीवर त्याचा पत्ता काय लिहू?"

"मिळाला कुठं? मग खोटंही लागलं नाही."

गाडीवान खंडूचं मत वेगळं होतं. मोठ्या मिशांचा, बैलांशी कमी आणि आमच्याशी जास्त बोलणारा माणूस. तो म्हणाला, "आप्पा, लई चांगलं केलंत. कण्या झ्याक व्हत्या. पर आता पुढं काय व्हतंय ते बघा."

पुढं झालं असं, की आमची गाडी कोसाला तासभर घेत होती आणि माझी थाप पायवाटेनं आमच्या पुढं गेली. दुसऱ्या विहिरीवर दहा माणसं उभी. तिसऱ्या विहिरीवर हळदकुंकवाचं ताट. "सायेब, आमच्या वावरात बी पाय लावा," म्हणून एक म्हातारी बापूच्या पायांकडं निरखून बघू लागली. बापू प्रत्येकाला हात जोडून सांगे, मी पाणाड्या न्हाई, मला पाणी दिसत न्हाई. आणि लोक एकमेकांत म्हणत, "खरा हाय. खोटा असता तर लगेच दावलं असतं."

जेवणाची मात्र चैन झाली. आमच्याकडं येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची, आमटी बेताची, वाटीत घ्यायची. त्या बाजूला ती परातीत ओतून भाकरी कुस्करतात आणि पाहुण्यानं हात आडवा धरला तर त्याच्या हातावर वाढतात. माझी सवय अशी, की अंघोळ आणि गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही. पूजेला मी एरवी निवांत वेळ घेतो. त्या दोन दिवसांत आमटीच्या वासानं ती फार लवकर आटोपू लागली, हे इथं कबूल करतो.

घाटनांदूरला रेल्वेच्या फाटकापाशी पोलीस जवानानं गाडी अडवली. परळीपर्यंत आगगाडी यायला लागल्याला फार दिवस झाले नव्हते, त्यामुळं रुळाच्या आसपास दिसणाऱ्या पोत्यावर सरकारची नजर असे. आमच्या पोत्यात वाटेवरच्या विहिरींतले पाचसहा तुकडे होते.

"क्या है जी इसमें?"

"पत्थर है साब," मी म्हणालो.

"पत्थरां? कायको?"

"इम्तिहान के वास्ते."

त्यानं एक तुकडा उचलला, उलटा केला, सुलटा केला. "पत्थरां का बी इम्तिहान होता?"

मी घामाघूम. तेवढ्यात बापू खाली उतरला आणि पुस्तकी, घोटीव उर्दूत त्याला सांगू लागला. ती भाषा एवढी वजनदार होती, की जवान आपोआप सरळ उभा राहिला आणि पट्ट्याचं बक्कल नीट करू लागला. मला त्यातलं निम्मं कळलं. त्याला तेवढंही कळलं नसावं. शेवटी त्यानं आम्हाला सावलीत बसवलं, माठातलं पाणी दिलं, आणि निघताना तो तुकडा अदबीनं परत करून विचारलं, "ये पास हुआ?"

"अभी नतीजा नहीं आया," बापू म्हणाला.

पाच विहिरी झाल्या. सहावीत तांबडा पट्टा होता, पण हात लावला की नुसता भुगा. बापूला हवा होता तो तुकडा असा, की वरचा काळा खडक आणि खालची तांबडी माती एकाच नगात, एकमेकांना चिकटून. "ती काळी पापडी दाजी. तीच खरी. ती नसली तर त्यो नुसता गेरू."

मी बैलांच्या शेपट्यांकडं बघत राहिलो.

धर्मापुरी

धर्मापुरीचं जुनं देऊळ दुरूनच दिसतं. भिंतीभर कोरीव बायका, एकीच्या हातात आरसा, एक पायातला काटा काढतेय. मी चपला काढून दर्शनाला गेलो. बापूही आला, पण मी देवाला हात जोडतोय तर हा खांबाला नाक लावून उभा. "दाजी, एकसारखा दगड हाय. एकाही ठिकाणी बारीक भोकं न्हाईत. किती निवडून घेतलाय बघा." गुरवाला वाटलं भाविक आहे, त्यानं दोनदा अंगारा लावला. मला एकदाच.

गावात मात्र वेगळंच वाट बघत होतं. चावडीपुढं गाडी थांबली तशी एक उंच, वाळका, पांढऱ्या पटक्याचा म्हातारा काठी टेकत आला. गावचे पाटील.

"पानाड्या कोनता तुमच्यातला?"

मी कौतुकानं बापूकडं बोट दाखवलं.

"गाडी माघारी वळवा," पाटील म्हणाले.

तीन सालांमागं असाच एक पाणाड्या आला होता. हातात नारळ घेऊन पाटलांच्या मळ्यात फिरला, एका जागी नारळ उभा राहिला. तिथं पाटलांनी सात पुरुष खोल विहीर खणली. सात माणसं एकावर एक उभी राहिली तर बुडतील एवढी. तळाला निघालं ते वाटीभर पाणी. तेव्हापासून पाणाड्यानं धर्मापुरीत बसायचं नाही, असा पाटलांचा दंडक होता. माझ्या एका थापेवर आम्ही दोन दिवस आमटी खाल्ली होती. तिसऱ्या दिवशी तिनं आम्हालाच खाल्लं.

खंडू मला म्हणाला, "म्हनलं व्हतं न्हवं, पुढं बघा."

बापू गाडीतून उतरला. दोन दिवस लोकांना जे सांगत होता तेच त्यानं पुन्हा सांगितलं, फक्त शेवटी एक वाक्य जास्त.

"पाटील, मी पाणाड्या न्हाई. ते आमच्या दाजींनी जेवणासाठी सांगितलं. मी शिकतोय अजून. पाणी कुठं लागंल ते मला सांगता येत न्हाई. तुमची विहीर कशापायी कोरडी पडली ते बघितलं तर कदाचित सांगता येईल."

पाटील काठीवर रेलून त्याच्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले. "तुमी जेवनासाठी सांगितलं?"

"हो."

"काय व्हतं जेवायला?"

"येसर."

"मंग ठीक हाय," पाटील म्हणाले. "उद्या दुपारी बघू हीर. न्हाई म्हननारा पानाड्या मी पयल्यांदा बघितला."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे चौथ्या दिवशी, अर्धा गाव मळ्यात जमला. संध्याकाळी परतीची गाडी जुंपली नाही तर बापूची रेल्वे चुकणार होती. विहीर अरुंद, आत काळोख. बापू म्हणाला, ऊन बरोबर डोक्यावर येईल तेवढा अर्धा तास आतलं दिसेल, तेही उजेड आत फेकला तर. पाटलीणबाईंनी चिंच लावून घासलेली पितळी परात आणून दिली. परात धरायचं काम माझं. विद्यापीठाच्या विद्येत माझा हा पहिला आणि शेवटचा वाटा.

मोटेच्या चाकावरून दोर सोडला, दोराला फळी बांधली, फळीवर बापू बसला. चार गड्यांनी त्याला खाली सोडलं. मी कठड्यावर पोटावर पडून परात उन्हात धरली. आधी उजेड पाटलांच्या डोळ्यांत गेला, मग एका म्हशीच्या, ती उधळली, मग नेम सापडला. उन्हाचा एक गोल विहिरीच्या भिंतीवरून घसरत खाली गेला.

आणि मला ते दिसलं. वर काळा कातळ, खाली काळा कातळ, आणि मधून सगळ्या विहिरीला वळसा घालून गेलेली वीतभर रुंदीची तांबडी रेघ. दोन काळ्या भाकरींच्या मधे चटणी लावावी तशी.

"दिसली का दाजी?" खालून बापूचा आनंदी आवाज आला. "काळा हाय तो आगीचा रस. पातळ, उकळता, सगळ्या मुलखावर पसरला आन् थिजला. मग लई काळ काही झालं न्हाई. पाऊस पडला, माती झाली. ही तांबडी. मग पुन्हा वरून रस आला आन् ती भाजून निघाली. दोन आगींच्या मधली निवांत वेळ हाय ही."

निवांत वेळ म्हटल्यावर मला कळलं. म्हणजे जमिनीची दुपारची झोप. वीस वर्षं त्या वेळेला मी गल्ल्यामागं पडतो; तिचीही अशी एखादी रेघ उरत असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

हातोडीचे आवाज येऊ लागले. मग थांबले. मग पुन्हा. थोड्या वेळानं बापू म्हणाला, "न्हाई निघत. तांबडं हातात येतंय, काळं सोडत न्हाई. जोडून निघत न्हाई."

"जोर लाव जरा."

"लावला. ऊन किती हाय?"

पाटलांनी वर बघितलं. "गेलं समजा."

 खालून हसल्याचा आवाज. "जाऊ द्या दाजी. तुमच्या दुकानात बसलो मंजी काय वाईट हाय? गेरू तरी चांगला वळखता यील मला."

तो चिडला असता तर मी निभावलं असतं. हसला, तिथं मी संपलो. मी कठड्यावरून आणखी वाकलो, आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू म्हणालो, "बापू, मला आकडा दिसला होता."

विहिरीत हळू बोलता येत नाही, हे मला माहीत नव्हतं. माझं वाक्य तळाला जाऊन, दुप्पट होऊन वर आलं आणि अर्ध्या धर्मापुरीनं ऐकलं.

"काय?" खालून.

आता लपवण्यासारखं उरलं नव्हतं. "चार आकडा. दिसला होता. अंगठ्यानं पुसला मी. पापडी उडवली ती बी बघून उडवली."

"कशापायी?"

"एकटा पडलोय दुकानात म्हणून."

 दोर धरलेले गडी माझ्याकडं बघतायत, खंडू आपल्या मिशीकडं बघतोय. आणि मग खालून हातोडीचा असा एक घाव आला की कठडा हादरला. दुसरा. तिसरा. आमचा बापू शांत मुलगा. घावांतून पहिल्यांदा त्याचा स्वभाव कळला.

पाटील माझ्या खांद्यावर वाकून म्हणाले, "आप्पा, आनखी काय केलं असंल तर सांगून टाका. पोरगं लई जोरात मारायलंय."

"दाजी!" खालून ओरड आली. "परात सरळ धरा!"

मी सरळ धरली. शेवटचं ऊन होतं ते. खाली काहीतरी निसटल्याचा आवाज झाला. 

"ओढा वर," बापू म्हणाला.

वर आला तेव्हा तो डोक्यापासून पायापर्यंत तांबडा होता आणि मांडीवर पोरासारखा धरलेला नग: अर्धा काळा, अर्धा तांबडा, मधे कुठं फट नाही. माझ्याकडं त्यानं बघितलंही नाही. पाटलांना म्हणाला, "तांबड्या रेघेच्या वर बोटभर ओल चमकतीया. पाणी तिथंच अडतंय. तुमी तिच्या खाली अखंड कातळात खणत गेलात, तिथं काय न्हाई. रेघेच्या वरून आडवं खणून बघा. लागंलच असं म्हणत न्हाई."

"पुन्हा न्हाई म्हनला," पाटील कौतुकानं म्हणाले आणि सगळ्यांना जेवायला घेऊन गेले. येसर होतं. माझ्या वाट्याला जरा कमीच आलं, असं मला वाटलं.

माघारी

 दोन कोसांत मी तीनदा विषय काढला: एकदा उन्हाचा, एकदा बैलांचा, एकदा धपाट्यांचा. खंडूनं तिन्ही वेळा "हूं" करून मला सोबत केली.

तिसऱ्या कोसाला बापू म्हणाला, "ही गादी कुणासाठी भरली होती?"

"तुझ्यासाठी."

"किती कापूस हाय?"

"चार शेर."

"आणा इकडं."

त्यानं चाकूनं गादीची एक बाजू उसवली, कापसात हात घालून पोकळी केली आणि चार नंबर आत बसवला. गाडी दगडाधोंड्यांवरून जाते. काळं आणि तांबडं सुटं व्हायला एक हिसका पुरे. मग त्यानं वही काढली आणि लिहिलं. मी तिरक्या नजरेनं वाचलं: क्रमांक चार, धर्मापुरी, पाटलांची विहीर, चार पुरुष खोलीवर. त्याखाली बारीक अक्षरात: उजेड, दाजी.

"अक्काला सांगू नका," वही मिटत तो म्हणाला. "उगंच वाईट वाटंल तिला."

घरी पोचेपर्यंत मी उभ्यानं प्रवास केला. गादीवर बसायची सोय नव्हती, आणि दुसरीकडं कुठं बसावंसंही वाटेना. घरी मी फक्त येसराचं आणि जवानाचं सांगितलं. घरातून ऐकून घेतलं. बापूच्या पोत्यात बारा दगड भरले गेले, चार नंबर तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. गादी पुन्हा शिवली गेली. एका कोपऱ्याला मोठा तांबडा डाग राहिला, तो काही धुऊन गेला नाही.

आषाढात बापूचं पत्र आलं. पास झाला होता. मास्तरांनी चार नंबर बराच वेळ हातात ठेवला आणि 'उजेड, दाजी' म्हणजे काय असं विचारलं म्हणे. त्याला उर्दूत सांगता आलं नाही. सासऱ्यांनी पुढं शिकायला हरकत घेतली नाही. शिवाय पुढच्या साली विद्यापीठ सगळ्या मुलांना समुद्रकाठी नेणार होतं: लाटा, वाळू, खारं पाणी, सगळ्याचा अभ्यास. त्याच आठवड्यात धर्मापुरीहून पाटलांचा निरोप आला, तोंडी: "आडवं खनलं. थोडं लागलं. लई न्हाई."

पत्र मी दुपारी दुकानात बसून मोठ्यानं वाचून दाखवलं. गिऱ्हाईक नव्हतं. आमच्या घरातून उंबऱ्यात उभं राहून ऐकलं, मग आत येऊन ती त्या डाग पडलेल्या गादीवर बसली. दुकानात बसायची तिची वीस वर्षांत ही पहिलीच वेळ. फळीवरचा खडेमिठाचा डबा तिनं ओढून आपल्यापुढं घेतला.

"गोदाबाईनं मला त्याच दिवशी सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "तुमचे मालक लई चोख हाईत, आकडा पुसून, पापडी काढून माल देतात म्हणून. आता पोरगं समुद्र शिकतंय, उद्या मिठाचे खडे आणून ह्याच फळीवर मांडंल. आजपासून मीठ मी तोलत जाईन."